वाहन-विचारणा : एसीचा कोड, दाबाचा सेन्सर आणि तीन तारा

या वेळी सदराकडे आलेल्या पत्रांत मोटारीच्या एसीविषयीची पत्रे सर्वांत अधिक आहेत, आणि ग्वाल्हेरचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना त्याचे नवल वाटणार नाही. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत, कारण तक्रारी वेगवेगळ्या दिसत असल्या तरी त्या एकाच लहानशा भागाभोवती फिरतात. तो भाग म्हणजे एसीच्या दाबाचा सेन्सर आणि त्याला जोडलेल्या तारा.

प्रश्न : माझ्याकडे आठ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे. एप्रिलपासून एसी मधूनच गार हवा देणे बंद करतो. स्कॅनरवर पी ०५३२ हा कोड आला. एका गॅरेजमध्ये गॅस कमी असल्याचे सांगून गॅस भरला, पण दोन दिवसांत तीच अवस्था झाली. दुसरीकडे सेन्सर बदलला, तरीही कोड परत आला. आता तिसरे गॅरेज कॉम्प्रेसर बदलण्याचा सल्ला देत आहे. काय करावे?
— एक वाचक, माधवगंज, लष्कर

उत्तर : कॉम्प्रेसरला (एसीचा गॅस दाबणाऱ्या पंपाला) तूर्त हात लावू देऊ नये. आपल्या गाडीने जो कोड दिला आहे तो सेन्सर बिघडल्याचे सांगत नाही आणि गॅस संपल्याचेही सांगत नाही. सेन्सरकडून ईसीयूला (गाडीच्या इंजिन-संगणकाला) जो विद्युतदाब (व्होल्टेज) मिळायला हवा तो अपेक्षेपेक्षा फार कमी आहे, इतकेच तो सांगतो. पी ०५३३ हा याच्या उलट, म्हणजे विद्युतदाब अवाजवी जास्त असल्याचा कोड आहे. पी ०५३१ चा अर्थ आकडा मर्यादेत आहे, पण परिस्थितीशी जुळत नाही, असा होतो. गॅस गळून गेल्याचा संशय सांगणारा पी ०५३४ हा कोड निराळाच आहे. पहिले तिन्ही कोड एका परिपथाविषयी (सर्किटविषयी) बोलतात, एखाद्या सुट्या भागाविषयी नव्हे. आणि गॅरेजमध्ये कोड वाचून थेट भागाचे बिल फाडण्याची जी रीत पडली आहे, तिचा फटका आपल्याला दोनदा बसलेला दिसतो.

हा सेन्सर उच्च दाबाच्या नळीवर, बहुधा कंडेन्सर (गॅस थंड करून द्रवरूप करणारी जाळी) आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (त्या द्रवाचा दाब उतरवणारी झडप) यांच्या दरम्यान बसवलेला असतो. त्याला तीन तारा असतात. एका तारेने ईसीयू त्याला ५ व्होल्ट पुरवतो, दुसरी अर्थिंगची तार असते, आणि तिसऱ्या तारेने सेन्सर दाबाच्या प्रमाणात बदलणारा सिग्नल परत पाठवतो. उदाहरणासाठी असा सेन्सर धरू की ज्याचा सिग्नल शून्य दाबाला ०.५ व्होल्ट आणि ३२ बारला (बार हे दाबाचे एकक) ४.५ व्होल्ट असतो. त्याच्या बाबतीत प्रत्येक बारला ०.१२५ व्होल्टची वाढ होते, म्हणजे ८ बारला १.५ व्होल्ट मिळतात. आपल्या गाडीच्या सेन्सरचे प्रमाण वेगळे असू शकते आणि ते कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेले असते, परंतु रचना हीच असते. नळीतला गॅस पूर्णपणे संपला तरी सिग्नल अर्ध्या व्होल्टच्या आसपास राहील, अशी योजना येथे मुद्दाम केलेली आहे. त्यामुळे सिग्नल त्याहून बराच खाली गेला की गॅस नाही असे नसून तार किंवा सेन्सर यांत खोट आहे, हे ईसीयूला ओळखता येते. म्हणूनच पी ०५३२ वाचून केवळ गॅस भरणे हा उपाय सहसा लागू पडत नाही.

पहिली तपासणी सकाळी, गाडी रात्रभर सावलीत उभी असताना करावी. इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन चालू ठेवून स्कॅनरवर एसीच्या दाबाचा आकडा पाहावा आणि त्याच वेळी एसीवाल्याकडून गेज (दाबमापक) लावून खरा दाब मोजून घ्यावा. कित्येक तास बंद असलेल्या एसीत दोन्ही बाजूंचा दाब समान झालेला असतो, त्यामुळे गेज कोणत्याही बाजूला लावला तरी चालते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो. नळीत थोडाही द्रवरूप गॅस शिल्लक असेल तर बंद स्थितीतला दाब केवळ तापमानावर ठरतो: २५ अंश सेल्सिअसला सुमारे ५.६ बार, ३० अंशांना ६.७, ३५ अंशांना ७.९ आणि ४० अंशांना ९.२ बार. गेज पीएसआयचा असेल तर हेच आकडे अनुक्रमे ८२, ९७, ११४ आणि १३३ असे येतील. नव्या गाड्यांत आढळणाऱ्या आर-१२३४वायएफ या गॅसचे आकडे यांच्या जवळपासच असतात. गाडीत कोणता गॅस आहे आणि किती ग्रॅम, हे बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेले असते.

आता गेज आणि स्कॅनर यांची तुलना करावी. दोन्हींचे आकडे तापमानाला साजेसे असतील तर निदान त्या क्षणी परिपथ ठीक आहे आणि बिघाड अधूनमधून उद्भवणारा आहे. दोन्ही आकडे सारखेच आणि कमी असतील तर गॅस खरोखर गेला आहे, आणि तसे असल्यास गळती शोधण्याआधी पुन्हा गॅस भरणे म्हणजे पैसे हवेत सोडणे होय. गेज बरोबर असूनही स्कॅनर शून्य किंवा भलताच आकडा दाखवत असेल, तरच सेन्सर आणि त्याच्या तारांकडे वळावे. येथे एक सावधगिरी हवी. बंद स्थितीतला दाब योग्य आला म्हणजे गॅस पुरेसा आहे असे ठरत नाही, कारण निम्मा गॅस गळून गेला तरी थोडा द्रव उरलेला असेपर्यंत हा आकडा बदलत नाही. ही तपासणी सेन्सरची परीक्षा घेण्यासाठी आहे, गॅसचे माप काढण्यासाठी नव्हे.

आपल्या गाडीत नवा सेन्सर बसवूनही तोच कोड आला आहे, म्हणून तारांची तपासणी मी थोडी सविस्तर सांगतो. इग्निशन बंद करून सेन्सरचा कपलर (तारा जोडणारे सॉकेट) काढावा, मग इग्निशन चालू करून कपलरच्या ५ व्होल्टच्या पिनेवर मल्टिमीटर लावावा. तेथे ४.८ ते ५.२ व्होल्ट मिळाले पाहिजेत. मल्टिमीटरची काळी पिन आधी बॅटरीच्या ऋण टोकाला आणि नंतर कपलरमधल्याच अर्थिंगच्या पिनेला लावून दोनदा मोजावे. पहिल्या वेळी ५ व्होल्ट आले आणि दुसऱ्या वेळी आले नाहीत, तर अर्थिंगची तार तुटलेली आहे. दोन्ही वेळा काहीच आले नाही, तर ५ व्होल्टची तार तुटलेली आहे किंवा तिचा पुरवठाच खाली बसला आहे, आणि पी ०५३२ चे हे एक नेहमीचे कारण आहे. येथे बल्बचा टेस्टर वापरू नये, कारण तो ईसीयूच्या नाजूक परिपथातून गरजेपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह ओढतो.

पाच व्होल्ट आणि अर्थिंग दोन्ही ठीक असतील तर सिग्नलच्या तारेची पाळी येते. कपलर काढलेला असतानाच ५ व्होल्टची पिन आणि सिग्नलची पिन फ्यूज असलेल्या छोट्या जोडतारेने क्षणभर जोडावी आणि स्कॅनरवर सिग्नलचा व्होल्टेज पाहावा. तो ५ व्होल्टच्या जवळ गेला तर तार आणि ईसीयू दोन्ही निर्दोष आहेत, आणि मग खरोखरच सेन्सर दोषी ठरतो. आकडा जागचा हललाच नाही तर सिग्नलची तार कोठेतरी तुटलेली आहे किंवा बॉडीला टेकली आहे. बॅटरीच्या १२ व्होल्टची तार मात्र या तिन्ही पिनांच्या आसपासही आणू नये. काही युरोपीय गाड्यांत सेन्सर साध्या व्होल्टेजऐवजी स्पंदनांच्या रूपात सिग्नल पाठवतो. तेथे ही पद्धत लागू होत नाही आणि ऑसिलोस्कोप लागतो.

तार पूर्ण तुटलेली असली तर शोध सोपा असतो. खरा त्रास देते ती अर्धवट गंजलेली पिन, कारण कपलर काढून मोजले की मल्टिमीटर ५ व्होल्ट दाखवतो आणि मिस्त्री निर्धास्त होतो. मल्टिमीटर जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, त्यामुळे गंजाचा अडथळा त्याला जाणवत नाही. सेन्सर काही मिलिअँपिअर घेऊ लागला की तो अडथळा उघडा पडतो. म्हणून कपलर जोडलेला ठेवून, मागच्या बाजूने तारेच्या कडेने बारीक पिन सरकवून पुन्हा मोजावे. अर्थिंगची पिन आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात तेव्हा ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक नसावा. तारेच्या वेष्टनाला सुई टोचून मोजण्याची सवय वाईट आहे, कारण त्या छिद्रातून पुढच्या पावसाळ्यात ओल शिरते.

हा अडथळा कोणत्या तारेत आहे हे आकड्यांवरूनही कळू शकते, आणि हा भाग मला स्वतःला फार रंजक वाटतो. वर घेतलेल्या सेन्सरच्या अर्थिंगमध्ये अर्धा व्होल्ट अडकला आहे असे समजा. सेन्सरला ५ ऐवजी ४.५ व्होल्टच मिळतात, त्याचा सिग्नल त्याच प्रमाणात घटतो आणि त्यात हा अडकलेला अर्धा व्होल्ट मिळवला जातो. खरा दाब ८ बार असताना सिग्नल १.५ ऐवजी १.८५ व्होल्ट होतो आणि ईसीयू तो १०.८ बार समजतो. खरा दाब २४ बार असताना मात्र तो २५.२ बार समजतो, म्हणजे चूक घटते. तोच अर्धा व्होल्ट ५ व्होल्टच्या तारेत अडकला तर ८ बारचे ६.८ आणि २४ बारचे २१.२ दिसतात, म्हणजे दाबाबरोबर चूक वाढत जाते. त्यामुळे सकाळच्या थंड गाडीत स्कॅनर गेजपेक्षा बराच जास्त दाखवत असेल तर आधी अर्थिंग पाहावे, आणि एसी जोरात चालू असताना तो गेजच्या मागे पडत असेल तर ५ व्होल्टची तार पाहावी. अर्थिंगचा दोष अधिक घातक होण्याचीही एक शक्यता आहे. वरच्याच हिशेबाने नळीतला गॅस पूर्ण संपला तरी ईसीयूला ३.६ बार दाब दिसत राहतो आणि तो कॉम्प्रेसर चालू ठेवतो. गॅसबरोबर फिरणारे तेल मिळेनासे झाल्याने कॉम्प्रेसर कोरडा घासला जातो.

आपला बिघाड मधूनच येणारा असल्यामुळे शेवटची परीक्षा हलवून पाहण्याची आहे. स्कॅनरवर दाबाचा आकडा चालू ठेवून कपलर, बॅटरीच्या ट्रेजवळची वायरिंग, रेडिएटरच्या पंख्याचे आवरण आणि पुढच्या बंपरमागचा हार्नेस (तारांचा जुडगा) एकेक करून हळूच हलवावा. ज्या जागी हात लागताच आकडा उडतो ती जागा दोषाची. बंपर किंवा कंडेन्सर कधी बदललेला असेल तर तेथूनच सुरुवात करावी. कपलरच्या आतील मादी पिना कोणी जाड पिन खुपसून सैल केल्या आहेत का, तेही पाहावे. आपल्याकडे दोन गॅरेजचे हात लागलेले आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

नव्या सेन्सरचा पार्ट नंबर जुन्याशी ताडून घ्यावा, ही एक सूचना राहिली. आटे तेच, कपलर तोच, परंतु दाब आणि व्होल्टेजचे प्रमाण निराळे, असे सेन्सर बाजारात मिळतात. ते बसतात, कोडही देत नाहीत, आणि ईसीयूला कायमचा चुकीचा दाब सांगत राहतात.

प्रश्न : आमच्या गाडीची वायरिंग उंदरांनी कुरतडली होती, ती टेप लावून दुरुस्त केली. आता खराब रस्त्यावर अचानक पिकअप जातो, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर चार-पाच सेन्सरचे कोड एकदम येतात. त्यांत एसी प्रेशर सेन्सरचाही आहे. ईसीयू गेला असे सांगतात. एसीचा आणि पिकअपचा संबंध असू शकतो का?
— एक वाचक, मोरार

उत्तर : असू शकतो. बऱ्याच गाड्यांत ईसीयू ५ व्होल्टचा एकच पुरवठा अनेक सेन्सरांना वाटून देतो. एसीच्या सेन्सरकडे जाणारी ती तार कोठे उघडी पडून बॉडीला टेकली, तर केवळ एसीचा नव्हे तर त्याच पुरवठ्यावर अवलंबून असलेला मॅनिफोल्डच्या दाबाचा किंवा थ्रॉटलचा सेन्सरही त्या क्षणी आंधळा होतो आणि इंजिन स्वतःला सावरण्यासाठी शक्ती कमी करते. अनेक सेन्सर एकाच दिवशी, एकाच धक्क्याला बिघडणे संभवत नाही. त्यांच्यात काय सामाईक आहे, हे शोधणे अधिक शहाणपणाचे ठरते. आपल्या कोडांच्या यादीत पी ०६४१ किंवा पी ०६४२ असेल तर शंकेला जागाच उरत नाही, कारण ते सेन्सरांच्या सामाईक पुरवठ्याचेच कोड आहेत.

तपासणीसाठी वायरिंगचा नकाशा मिळवून ५ व्होल्टची ती ओळ कोणकोणत्या सेन्सरांना जाते ते लिहून काढावे. बिघाड हजर असताना त्या ओळीवर मल्टिमीटर लावून ठेवावा आणि एकेका सेन्सरचा कपलर काढत जावे. एखादा कपलर काढताच ५ व्होल्ट परत आले तर तो सेन्सर आतून शॉर्ट झालेला आहे. सगळे कपलर काढूनही पुरवठा परतला नाही तर दोष तारेत आहे, आणि आपण जे लिहिले आहे त्यावरून मी आधी टेपखालचा जोड उघडून पाहीन. ईसीयूमधला हा पुरवठा बहुतेक गाड्यांत शॉर्टपासून सुरक्षित केलेला असतो. शॉर्ट दूर झाला की तो पूर्ववत होतो, त्यामुळे या तपासणीआधी ईसीयू बदलण्यास कोणी सांगत असेल तर नम्रपणे नकार द्यावा.

टेपचा जोड इंजिनाजवळच्या उष्णतेत टिकत नाही, त्याचा गोंद वितळतो आणि तांबे उघडे पडते. तार दोन्ही बाजूंनी चांगल्या भागापर्यंत कापावी, त्याच जाडीचा तुकडा घालावा, जोड डाखवून किंवा योग्य पकडीने दाबून त्यावर उष्णतेने आवळणारी, आतून गोंद असलेली नळी चढवावी. शेजारशेजारच्या तारांचे जोड एकाच रेषेत घेऊ नयेत, थोडे मागेपुढे ठेवावे. उंदरांचा बंदोबस्त हा या सदराच्या आवाक्याबाहेरचा विषय आहे, मात्र ज्या पार्किंगमध्ये जनावरांचे धान्य किंवा रद्दी साठवलेली असते तेथे वायरिंग कितीही चांगली केली तरी पुन्हा तपासावीच लागते.

प्रश्न : आग्रा रस्त्यावर मोरेन्यापर्यंत एसी उत्तम चालतो. परत येऊन महाराज बाड्याच्या गर्दीत अडकलो की पाच-दहा मिनिटांत गार हवा बंद होते आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होते. कोड कोणताही येत नाही. मेकॅनिकच्या मते प्रेशर सेन्सर कमजोर झाला आहे.
— एक वाचक, थाटीपूर

उत्तर : आपण दिलेली लक्षणे वाचून मला तर सेन्सर आपले काम चोख करत असावा असेच वाटते. दाब फार वाढला की कॉम्प्रेसर थांबवायचा, यासाठीच तो तेथे बसवलेला आहे, आणि खरा दाब वाढून झालेल्या अशा विश्रांतीला परिपथाचा बिघाड मानले जात नसल्यामुळे कोडही नोंदवला जात नाही.

कंडेन्सरमधला गॅस ज्या तापमानाला द्रवरूप होतो त्यावर उच्च दाब ठरतो. आर-१३४ए साठी ६० अंशांना तो सुमारे १५.८ बार, ७० अंशांना २०.२ आणि ८० अंशांना २५.३ बार असतो. महामार्गावर समोरून वाऱ्याचा झोत मिळत असल्याने बाहेर ४५ अंश असले तरी कंडेन्सर ६०-६५ अंशांच्या आसपास राहू शकतो. गर्दीत तो झोत नसतो, पंख्यावरच सारी भिस्त असते, आणि पंखा मंद असेल किंवा कंडेन्सरच्या जाळीत धूळ व किडे भरलेले असतील तर दाब झपाट्याने चढतो. बहुतेक गाड्यांत साधारण २७ ते ३२ बारच्या दरम्यान कॉम्प्रेसरचा प्रवाह तोडला जातो.

खात्री करायची असेल तर गाडी उभी ठेवून एसी पूर्ण क्षमतेने चालवावा आणि स्कॅनरवर दाब चढताना पाहावा. सुमारे १५ बारपासून पुढे पंख्याने वेग घ्यायला हवा. तो घेत नसेल तर पंख्याची मोटर, तिचा रिले आणि वेग ठरवणारा रेझिस्टर तपासावा, कारण रेझिस्टर जळाला की पंखा एकाच वेगात फिरतो आणि मालकाला तो फिरताना दिसत असल्याने संशय येत नाही. कॉम्प्रेसर बंद होण्याच्या बेतात असताना कंडेन्सरवर पाण्याचा फवारा मारावा. दाब लगेच कोसळला आणि एसी टिकून राहिला तर उष्णता बाहेर टाकण्यातच अडचण आहे, हे सिद्ध झाले. कंडेन्सर धुताना पाण्याचा झोत बेताचा ठेवावा, प्रेशर वॉशरने त्याची पाती आडवी होतात.

पंखा आणि जाळी दोन्ही ठीक निघाल्यास गॅस जास्त भरलेला आहे किंवा त्यात हवा मिसळली आहे, या दोन शक्यता उरतात. बंद गाडीतला सकाळचा दाब पहिल्या उत्तरातील आकड्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त असेल तर नळीत हवा किंवा भेसळीचा गॅस आहे. केवळ गॅस जास्त भरल्याने बंद स्थितीतला दाब बदलत नाही, तो चालू स्थितीतच दिसतो. दोन्ही प्रसंगी उपाय एकच: यंत्राने सगळा गॅस काढून घ्यावा, व्हॅक्यूम करावा आणि स्टिकरवर लिहिलेल्या वजनाचा गॅस मोजून भरावा. सेन्सरला दोष द्यायचा असेल तर एकच पुरावा मान्य करावा, तो म्हणजे कॉम्प्रेसर बंद होतो त्या क्षणी स्कॅनर २८ बार दाखवत असताना गेजवर १८ बारच असणे.

प्रश्न : माझ्या जुन्या गाडीत सेन्सर नसून दोन तारांचा प्रेशर स्विच आहे. इलेक्ट्रिशियनने दोन्ही तारा एकमेकींना जोडून टाकल्या आणि एसी सुरू झाला. असे चालवले तर चालेल का?
— एक वाचक, जनकगंज

उत्तर : चालणार नाही. हा स्विच गॅस सुमारे २ बारच्या खाली गेला किंवा दाब धोक्याच्या पातळीवर चढला की कॉम्प्रेसरच्या क्लचचा प्रवाह तोडतो. तो जोडून टाकल्यावर गॅस गळाला तरी कॉम्प्रेसर तेलाविना फिरत राहील आणि पंखा बंद पडला तरी दाब चढतच जाईल. अशी जोडणी काही सेकंदांच्या तपासणीपुरती ठीक आहे, तीही गेजवर पुरेसा दाब दिसत असेल तर. त्या तपासणीने एसी सुरू झाला याचा अर्थ एकतर स्विच खराब आहे किंवा गॅस कमी असल्यामुळे स्विचने योग्य तेच केले आहे, आणि या दोहोंतला फरक गेज लावल्याशिवाय कळत नाही. आपल्या पत्रात गेजचा उल्लेख कोठेच नाही. तीन तारांच्या सेन्सरवाल्या गाडीत तर तारा अशा जोडून ठेवण्याचा प्रयोग मुळीच करू नये; पहिल्या उत्तरातली फ्यूज असलेली क्षणभराची जोडणी तेवढी वेगळी.

स्विच बदलावा लागला तर त्याच्या खाली आपोआप मिटणारा व्हॉल्व्ह आहे का, ते मॅन्युअलमध्ये आधी पाहावे. अनेक गाड्यांत तो असतो आणि गॅस न काढता स्विच बदलता येतो. नसेल तर गॅस यंत्राने काढून घ्यावाच लागतो. उणे २६ अंशांना उकळणारा हा द्रव त्वचेवर किंवा डोळ्यांत उडाला तर हिमदाहाची इजा होते, आणि मोकळ्या हवेत सोडलेला आर-१३४ए तापमानवाढीच्या दृष्टीने तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजाराहून अधिक पट घातक ठरतो. नवी ओ-रिंग एसीच्या तेलात भिजवून बसवावी.

प्रश्न : जानेवारीत मेळ्याच्या दिवसांत एक वापरलेली गाडी घेतली. सकाळी एसी लावून पाहिला तेव्हा कॉम्प्रेसर सुरूच झाला नाही. विकणारा म्हणाला, थंडीत असेच होते. आता एसी चालतो, पण पुरेसा गार वाटत नाही. त्याने फसवले का?
— एक वाचक, सिटी सेंटर

उत्तर : त्याचे म्हणणे खोटे होते असे म्हणता येत नाही. सकाळी ५ अंश तापमान असेल तर आर-१३४ए चा बंद स्थितीतला दाब सुमारे २.५ बार, म्हणजे ३६ पीएसआय इतकाच असतो आणि तो कमी दाबाच्या मर्यादेच्या अगदी जवळ येतो. शिवाय बाहेरचे किंवा कूलिंग कॉइलचे तापमान फार खाली असेल तर अनेक गाड्यांत कॉम्प्रेसर सुरू होऊच दिला जात नाही. अशा वेळी एसीची परीक्षा दुपारी, गाडी उन्हात तापल्यावर घ्यायला हवी होती. आता गार कमी होत असल्याचे कारण गॅस अपुरा असणे हे असू शकते. बंद स्थितीतल्या दाबावरून ते ठरणार नाही, म्हणून असलेला गॅस यंत्राने बाहेर काढून त्याचे वजन करवून घ्यावे. स्टिकरवर ४५० ग्रॅम असताना यंत्रात ३०० ग्रॅमच निघाले तर गळती शोधण्याचे काम आधी करावे, आणि वजन पुरेसे निघाले तर केबिनचा फिल्टर, कूलिंग कॉइलवरची धूळ आणि हीटरचा फ्लॅप नीट मिटतो की नाही, हे पाहावे.